शनिवारवाड्यातला तह आणि गंगारामचा गेंडा

लंडनच्या टेट संग्रहालयाच्या संग्रहात एक भलंमोठं तैलचित्र आहे. पुण्याच्या शनिवारवाड्यात दरबार भरला आहे. नक्षीदार लाकडी खांब, महिरपी, मागच्या बाजूला गणपतीची भव्य मूर्ती. गादीवर सोळा वर्षांचे सवाई माधवराव पेशवे. भोवती कारभारी, मानकरी, सेवक. आणि त्याच बिछायतीवर, गुडघे दुमडून, ईस्ट इंडिया कंपनीचा पुण्यातला वकील चार्ल्स वॉर मॅलेट आणि त्याचे सहकारी बसले आहेत. प्रसंग १७९० सालच्या पावसाळ्यातला. टिपू सुलतानाविरुद्ध पेशवे आणि कंपनी यांच्यात जो तह झाला, तो पक्का होऊन भर दरबारात पेशव्यांच्या हाती पडतो, तो हा क्षण.

मराठी इतिहासाच्या पुस्तकांमधून हे चित्र वर्षानुवर्षं छापलं गेलं आहे. पेशवाईचं वैभव म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे नकळत हेच दालन उभं राहतं. पण चित्राखालची तारीख सहसा कुणी वाचत नाही. चित्रकार टॉमस डॅनियल याने ते पूर्ण केलं १८०५ मध्ये. प्रसंगानंतर तब्बल पंधरा वर्षांनी.

या पंधरा वर्षांत काय घडलं ते एकदा ओळीने मांडून पाहावं. १७९४ च्या फेब्रुवारीत महादजी शिंदे वानवडीला वारले. १७९५ च्या ऑक्टोबरमध्ये सवाई माधवराव याच वाड्यात वरून खाली कोसळले आणि दोन दिवसांत गेले. १८०० च्या मार्चमध्ये नाना फडणवीस गेले. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावांनी वसईच्या तहावर सही केली आणि कंपनीची तैनाती फौज पदरात घेतली. १८०३ च्या एप्रिलमध्ये आर्थर वेलस्ली फौजेनिशी पुण्यात शिरला. त्याच वर्षी असई आणि लासवारीच्या लढाया झाल्या. म्हणजे डॅनियल लंडनमध्ये ज्या दरबारावर अखेरचा हात फिरवत होता, त्या दरबाराची स्वतंत्र सत्ता तोवर संपलेली होती. चित्रात दोन बरोबरीचे पक्ष एका बिछायतीवर बसले आहेत. चित्र लोकांपुढे आलं तेव्हा त्यांतला एक दुसऱ्याच्या पहाऱ्यात होता.

हा लेख त्या पंधरा वर्षांच्या अंतराविषयी आहे. युद्ध, सीमा आणि सत्ता यांची चित्रं कोण काढतं, कोणाच्या पैशाने काढतं, ती अखेर कोणाच्या भिंतीवर राहतात आणि काढणाऱ्या हातांपैकी कोणाचं नाव टिकतं, हे प्रश्न आजच्या कलेत फार महत्त्वाचे मानले जातात. पुण्यात ते सव्वादोनशे वर्षांपूर्वीच उभे राहिले होते, आणि त्यांच्या मध्यभागी एक पुणेकर चित्रकार होता.

तुंगभद्रेपर्यंतची रेघ

आधी तह समजून घेऊ. मराठे आणि म्हैसूर यांच्यातला वाद मुख्यतः कृष्णा आणि तुंगभद्रा या दोन नद्यांमधल्या मुलखाचा होता. धारवाड, बदामी, नरगुंद, कित्तूर हा तो पट्टा. १७८५ मध्ये टिपूने नरगुंद आणि कित्तूर घेतलं; पुढच्या वर्षी मराठ्यांनी बदामी घेतली; १७८७ मध्ये गजेंद्रगडला तह झाला, पण कुणाचंच समाधान झालं नाही. मॅलेट १७८६ मध्ये पुण्यात आला तो याच धामधुमीत. मुळा-मुठेच्या संगमावर त्याला जागा मिळाली आणि तिथे रेसिडेन्सी उभी राहिली. पेशव्यांच्या बाजूने त्याच्याशी बोलणी चालत ती प्रामुख्याने बहिरोपंत मेहेंदळे यांच्यामार्फत, आणि प्रत्येक शब्दावर नजर असे नाना फडणवीसांची.

१ जून १७९० रोजी पुण्यात तह ठरला. कंपनी, पेशवे आणि निजाम यांनी मिळून टिपूवर चालून जायचं आणि जिंकलेला मुलूख तिघांत सारखा वाटून घ्यायचा. गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिसची मंजुरी येऊन ऑगस्टमध्ये तो दरबारात सादर झाला. या कामगिरीबद्दल मॅलेटला पुढच्याच वर्षी, १७९१ मध्ये, इंग्लंडच्या राजाकडून बॅरोनेट हा किताब मिळाला. तो क्षण चित्रात कायमचा धरून ठेवावा असं त्याला का वाटलं, हे यावरून कळतं. त्याच्या आयुष्यातली ही सर्वांत मोठी गोष्ट होती.

परशुरामभाऊ पटवर्धनांची फौज सप्टेंबर १७९० मध्ये धारवाडला भिडली. कंपनीची कॅप्टन लिटलच्या हाताखालची एक तुकडीही तिच्याबरोबर होती. किल्ला पडला तो थेट एप्रिल १७९१ मध्ये. दुसरीकडून हरिपंत फडके निघाले. १७९२ च्या फेब्रुवारीत श्रीरंगपट्टणला वेढा पडला आणि मार्चमध्ये टिपूने तह केला. निम्मं राज्य गेलं, तीन कोटी तीस लाख रुपयांची खंडणी कबूल करावी लागली, दोन मुलगे ओलीस द्यावे लागले. मराठ्यांची हद्द तुंगभद्रेपर्यंत पोचली.

दरबाराच्या चित्रात यातलं काही दिसत नाही. धारवाडच्या खंदकाजवळ मेलेली माणसं दिसत नाहीत. याच मोहिमेत, १७९१ मध्ये, मराठी फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी आणि लमाणांनी शृंगेरीचा शारदापीठाचा मठ लुटला, तेही दिसत नाही. त्या मठाच्या पुनःप्रतिष्ठेसाठी मदत केली ती टिपूने. त्याची शृंगेरीच्या स्वामींना गेलेली पत्रं प्रसिद्ध आहेत. मराठी माणसाला ही आठवण टोचते आणि टोचायलाच हवी. तहाचं चित्र नेहमी असंच असतं: कागद हातात येतो तो क्षण दिसतो, त्या कागदाने शंभर कोसांवर काय केलं ते चौकटीबाहेर राहतं.

एका वैराच्या तीन भिंती

या एकाच वैराची निदान तीन तऱ्हेची चित्रं आज आपल्याला पाहता येतात, आणि ती शेजारी शेजारी ठेवली की चित्र आणि सत्ता यांचं नातं लख्ख दिसू लागतं.

पहिली भिंत श्रीरंगपट्टणच्या दर्यादौलत बागेतल्या महालाची. टिपूने १७८४ च्या सुमारास हा महाल बांधला आणि पश्चिमेच्या भिंतीवर पोल्लिलूरची लढाई रंगवून घेतली. १७८० मध्ये हैदर आणि टिपू यांनी तिथे कंपनीच्या फौजेचा धुव्वा उडवला होता. भिंतीवर घोडेस्वारांच्या रांगांमागून रांगा आहेत, आणि मधोमध कर्नल बेली पालखीत हतबल बसला आहे. ही जिंकणाऱ्याची भिंत. पण टिपू पडल्यावर याच महालात आर्थर वेलस्ली राहिला, त्याने ही चित्रं दुरुस्त करवली, आणि पुढे डलहौसीच्या काळात ती पुन्हा रंगवली गेली. आपल्या पराभवाचं चित्र इंग्रजांनी जतन केलं. शत्रू पुरता संपला, की त्याच्या विजयाचं चित्र हा धोका उरत नाही. ते जेत्याच्या मालकीची एक वस्तू होऊन बसतं. हाच वेलस्ली १८०३ मध्ये पुण्यात आला.

दुसरी भिंत लंडनची. टिपूची दोन मुलं ओलीस म्हणून कॉर्नवॉलिसच्या स्वाधीन केली जातात, या प्रसंगाने इंग्लंडमध्ये चित्रांची लाटच आली. रॉबर्ट होम हा चित्रकार मोहिमेबरोबर होता. त्याने तो प्रसंग रंगवला. मॅदर ब्राउन लंडनहून हललाही नाही, तरी त्यानेही रंगवला. १८०० मध्ये रॉबर्ट केर पोर्टरने श्रीरंगपट्टणच्या अखेरच्या हल्ल्याचा अवाढव्य पॅनोरामा लंडनमध्ये मांडला आणि लोक पैसे देऊन तो पाहायला गेले. ओलिसांच्या चित्रांत इंग्रज सेनापती बापाच्या मायेने पोरांचा हात धरतो. जिंकण्याला दयेचा मुलामा देण्याचं काम चित्राने केलं.

तिसरी आपली, शनिवारवाड्यात तो दरबार भरला त्या गणेश रंगमहालाची. इथे कुणी हरलेलं नाही, कुणी रडत नाही. दोन दरबारी संस्कृती समोरासमोर बसल्या आहेत. म्हणूनच ती आपल्याला आवडते. पण हे चित्र काढवून घेतलं मॅलेटने, इंग्रज प्रेक्षकासाठी, आणि ते लटकलं इंग्लंडमध्ये. पेशव्यांच्या वैभवात जितकी भर घालावी, तितकी त्यांना वळवून आणणाऱ्या वकिलाची उंची वाढते. त्या भव्य दालनाचा खरा नायक पाहुणा आहे.

वेल्स पुण्यात येतो

डॅनियल त्या दरबाराला हजर नव्हता. चित्राचा कच्चा माल गोळा केला तो जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने, आणि तोही प्रसंगानंतर. वेल्स १७९१ मध्ये मुंबईत उतरला आणि १७९२ मध्ये मॅलेटच्या आश्रयाने पुण्यात आला. पुढची तीन वर्षं त्याने पुण्यातल्या सत्तेचे चेहरे समोर बसवून रंगवले. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस एकत्र बसलेले, मागे सेवक उभे, हे त्याचं प्रसिद्ध चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. महादजी शिंद्यांचंही त्याने चित्र केलं. नानांचा तो सडसडीत बांधा, लांबट चेहरा आणि खोल नजर आपण ओळखतो ती वेल्समुळे. पुढच्या पिढ्यांच्या पुस्तकांतल्या, कॅलेंडरांवरच्या आणि रंगमंचावरच्या नानांचा चेहरा या चित्रांपासून सुरू होतो.

याच काळात शनिवारवाड्यात चित्रकलेची एक शाळा सुरू झाली. मॅलेटची कल्पना, पेशव्यांची परवानगी, वेल्सची शिकवणी आणि पुण्याचे विद्यार्थी. पेशव्यांकडे चितारी नव्हते असं मुळीच नाही. वाडा रंगवायला जयपूरहून कलावंत आणवले होते, त्यांतल्या भोजराजाचं नाव कागदोपत्री टिकलं आहे. पोथ्या सजत होत्या, वाड्यांच्या भिंतींवर दशावतार उमटत होते. नवी गोष्ट होती ती समोरच्या वस्तूचं माप घेऊन, छायाप्रकाश देऊन ती कागदावर उतरवण्याची पद्धत. आधुनिक भारतीय कलेचा इतिहास आपण सहसा १८५७ च्या जे. जे. स्कूलपासून सांगतो. त्याच्या साठेक वर्षं आधी पुण्यात, पेशव्यांच्या वाड्यात, असा वर्ग भरत होता. तो अल्पायुषी ठरला; तरी तो होता.

हे सगळं शांत, सुसंस्कृत वातावरणात चाललं होतं असंही समजू नये. वेल्स पुण्यात येण्याच्या आदल्याच वर्षी, ऑगस्ट १७९१ मध्ये, याच शहरात घाशीराम कोतवालाच्या कोठडीत कोंडलेले ब्राह्मण गुदमरून मेले आणि संतापलेल्या जमावाने घाशीरामाला दगडांनी ठेचून मारलं. सत्तेचा एक चेहरा वेल्सच्या कॅनव्हासवर बसत होता. दुसरा पुण्याच्या रस्त्यांवर दिसला होता.

ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव गेले. पुढच्याच महिन्यात वेल्सही ठाण्याला आजारपणात वारला. चित्रकार आणि त्याचा सर्वांत मोठा विषय काही आठवड्यांच्या अंतराने संपले. वेल्सची मुलगी सुझाना हिच्याशी मॅलेटने १७९९ मध्ये लग्न केलं. वेल्सची रेखाटनं, टिपणं, अभ्यासचित्रं मॅलेटबरोबर इंग्लंडला गेली आणि डॅनियलच्या हाती पडली. त्यांतून दरबाराचं चित्र साकारलं. १८०७ मध्ये चार्ल्स टर्नरने त्यावरून छापील प्रत काढली आणि चित्र घराघरांत जाण्याजोगं झालं.

गंगाराम

या सगळ्यात ज्याचं नाव सर्वांत उशिरा आणि सर्वांत कमी घेतलं गेलं, तो गंगाराम चिंतामण नवगिरे-तांबट. पुण्याचा चित्रकार. वेल्स येण्याच्या आधीपासून तो मॅलेटसाठी काम करत होता.

पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता. त्यातल्या गेंड्याचं गंगारामने काढलेलं चित्र आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहे. चित्र नोव्हेंबर १७९० चं. म्हणजे तह दरबारात सादर होऊन तीन महिने झाले होते, धारवाडभोवती तोफा धडाडत होत्या, आणि पुण्यात गंगाराम एका गेंड्यासमोर बसून त्याच्या कातडीची प्रत्येक घडी निरखत होता. हत्ती, कसरत करणारी माणसं, कार्ल्याचं लेणं, वेरूळची लेणी हे त्याचे इतर विषय. १७९५ मधलं त्याचं पर्वतीचं चित्र पुणेकराने एकदा तरी पाहावं. टेकडी, वरची देवळं, आजूबाजूचा मोकळा मुलूख. शिपाई नाहीत, दरबार नाही. आपल्या गावाची टेकडी गावकऱ्याने पाहिली आहे.

चित्रकलेच्या इतिहासकारांनी त्याच्या रेषेकडे अलीकडे लक्ष दिलं आहे. २०११ मध्ये येलला भरलेल्या प्रदर्शनात त्याची कामं मांडली गेली. हॉली शॅफर या अभ्यासिकेने २०२२ मधल्या तिच्या ग्रंथात मराठे आणि इंग्रज यांच्या सत्तासंघर्षात घडलेल्या कलेचा विस्ताराने विचार केला आहे. गंगारामची रेखाटनं पाहताना दोन शिक्षणं एकाच हातात जाणवतात. बाह्यरेषा ठाम, पोथीचित्रातल्यासारखी. आत मात्र सावलीचे हलके थर, मापाची काळजी, खोलीची जाण. कुणीतरी सांगितलं म्हणून नक्कल करणाऱ्याचं हे काम नव्हे. दोन्ही पद्धती तोलून त्यातून आपला मार्ग काढणाऱ्याचं आहे.

पण श्रेयाची वाटणी पाहा. वेरूळवर मॅलेटने लिहिलेला लेख कलकत्त्याच्या 'एशियाटिक रिसर्चेस'च्या सहाव्या खंडात आला. त्यासाठी लेण्यांची रेखाटनं करणारा गंगाराम होता. १८०३ मध्ये लंडनला वेरूळवर चोवीस चित्रांचा देखणा संच निघाला. वेल्सबरोबर लेण्यांमध्ये काम केलेल्या गंगारामाचं नाव त्याच्या शीर्षकपानावर नाही; तिथे वेल्स आणि डॅनियल आहेत. तहात सीमा कुठे आखायची हे जसं ताकदीने ठरतं, तसंच कागदावरची ओळख कुणाची हेही ताकदीने ठरलं.

आडनावावरून गंगारामचं घराणं तांब्याच्या कामातलं असावं असं वाटतं. कसबा पेठेतल्या तांबट आळीत गेलं की आजही हातोडीचा आवाज ऐकू येतो. पत्रा तापवून, ठोकून, त्यावर एकसारखे ठिपके उठवत नेण्याचं मठारकाम तिथल्या कारागिरांच्या हातांत आहे. पेशवाईत या आळीने भांडी घडवली आणि लढाईच्या सामानालाही हात लावला. इथल्याच घरातून गंगाराम आला असं सांगता येईल इतका पुरावा नाही. मात्र एवढं नक्की की पुण्याच्या कारागीर वर्गातला एक माणूस वकिलाच्या रेसिडेन्सीत आणि पेशव्यांच्या वाड्यात, दोन्हीकडे, केवळ आपल्या रेषेच्या बळावर वावरला. ज्या शहरात कुणी कुठे पाऊल ठेवावं हे जातीने ठरत होतं, तिथे ही साधी गोष्ट नव्हती.

राख आणि रंगीत कागद

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. दुसरे बाजीराव ती पर्वतीवरून पाहत होते. मराठी स्वारांनी संगमावरची रेसिडेन्सी जाळली. तेव्हाचा रेसिडेंट एल्फिन्स्टन याची पुस्तकं आणि कागदपत्रं त्यात गेली. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. पुढे, १८२८ मध्ये, वाड्याला आग लागली आणि ती कित्येक दिवस धुमसत राहिली. नानासाहेब पेशव्यांनी १७५५ मध्ये गणेशोत्सवासाठी बांधलेला गणेश रंगमहाल त्यात नाहीसा झाला. तहाची बोलणी जिथे झाली ती जागा आणि तह जिथे सादर झाला ती जागा, दोन्ही आगीत गेल्या. मग त्या दालनाचं रूप सांगायला प्रामुख्याने उरलं ते लंडनमधलं चित्र.

पुण्याने आपल्या सत्तेची चित्रं पुन्हा स्वतः छापायला घेतली ती साठ वर्षांनी. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये चित्रशाळा सुरू झाली. शिळाप्रेसवरच्या रंगीत तसबिरींमध्ये रामपंचायतन होतं, देवदेवता होत्या, आणि शिवाजी महाराज, पेशवे, नाना फडणवीस हेही होते. राज्य गेलेल्या समाजाने आपले राज्यकर्ते देवांच्या शेजारी भिंतीवर टांगले. इंग्रज अधिकाऱ्यांना या तसबिरींत दडलेला अर्थ शोधण्याची गरज वाटू लागली, यातच त्यांची ताकद दिसते. दरबाराच्या चित्रात प्रेक्षक इंग्रज होता. इथे प्रेक्षक सदाशिव पेठेतल्या, साताऱ्यातल्या, खेड्यातल्या घरातला होता. त्या घरांपर्यंत पोचलेल्या नानांचा चेहरा मात्र वेल्सच्या चित्रांतून उतरत आलेला होता, हे विसरून चालणार नाही. ज्याचा चेहरा इंग्रज वकिलासाठी टिपला, तोच इंग्रजांविरुद्धच्या स्मृतीत कामी आला. चित्राचा अर्थ ते काढवून घेणाऱ्याच्या ताब्यात कायम राहत नाही, याचा यापेक्षा चांगला पुरावा मला ठाऊक नाही.

१९ नोव्हेंबर १९२१ रोजी पुण्यात आणखी एक विलक्षण सोहळा झाला. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींच्या पुढाकाराने होणाऱ्या शिवाजी महाराजांच्या स्मारकाची कोनशिला इंग्लंडच्या युवराजाने बसवली. दोनच दिवसांपूर्वी तो मुंबईत उतरला तेव्हा असहकाराच्या लाटेत शहरात बहिष्कार आणि दंगल झाली होती. साम्राज्याला युद्धात मराठा शिपाई हवा होता आणि त्याच्या स्मृतीचा मान राखणं सोयीचं होतं. मराठा संस्थानिकांना आपल्या राजाचं स्मारक हवं होतं. दोघांचे हेतू वेगळे, कोनशिला एक. नानासाहेब करमरकरांनी घडवलेला अश्वारूढ पुतळा १९२८ मध्ये उभा राहिला. आज शिवाजीनगरच्या एका शाळेच्या आवारात या पुतळ्यापुढे उभं राहिलं की कोनशिला कुणी बसवली हे कुणाला आठवत नाही. घोड्याच्या मानेचा ताण आणि स्वाराची पकड तेवढी दिसते. इथे शिल्पकाराने राजकारणावर मात केली.

आजची रेघ

आजचे कलावंत दरबार रंगवत नाहीत. त्यांची नजर चौकटीबाहेर राहिलेल्या गोष्टींवर आहे. मुंबईच्या शिल्पा गुप्ता यांनी २०११-१२ मध्ये हाताने गुंडाळलेल्या दोऱ्याचा एक मोठा गुंडा केला. भारत-पाकिस्तान सीमेवरच्या कुंपणाची लांबी १४.९ ने भागून येते तेवढा दोरा त्यात आहे. त्या कामात राजा नाही, सेनापती नाही, तहाचा कागद नाही. तिथे सीमा फक्त एक प्रचंड, सोडवता न येणारी लांबी आहे. कराचीत जन्मलेल्या नलिनी मलानी यांनी १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर मंटोच्या कथेवरून 'रिमेम्बरिंग टोबा टेक सिंग' ही मांडणी केली. त्यात पत्र्याच्या ट्रंकांमध्ये टीव्हीचे पडदे होते. फाळणीत माणसं घराबाहेर पडली ती अशाच ट्रंका घेऊन. त्यांतल्या काही ट्रंका पिंपरीच्या निर्वासित छावणीतही उघडल्या गेल्या. सीमा पुण्यापासून दूर आहे असं समजण्याचं कारण नाही.

तसं हे शहर युद्धाच्या फार जवळ आहे. दक्षिण कमांडचं मुख्यालय इथे, खडकवासल्याची प्रबोधिनी इथे, खडकीचा दारूगोळा कारखाना इथे. नागरिकांच्या वर्गणीतून उभारलेलं युद्धस्मारक १९९८ पासून छावणीत आहे. पुण्याने सेनाधिकारी घडवले, इतिहाससंशोधक घडवले, पेशवे दप्तरातले मोडी रुमाल वाचणारे तज्ज्ञ घडवले. रियासतकार सरदेसायांनी मॅलेटचा पत्रव्यवहार संपादून १९३६ मध्ये प्रसिद्ध केला. भारत इतिहास संशोधक मंडळाने १९१० पासून कागद जमवले. कागद वाचण्याची ही परंपरा थोर आहे. चित्र वाचण्याची परंपरा मात्र आपण तितक्या निष्ठेने जोपासली नाही. इतिहासाच्या पुस्तकात आपण चित्र छापतो ते मजकुराला सोबत म्हणून. ते कुणी काढलं, कधी, कुणासाठी, काय वगळून, हे प्रश्न आपण पत्राला विचारतो. चित्राला विचारत नाही.

शनिवारवाड्यात आज तिकीट काढून दिल्ली दरवाजातून आत शिरलं की दगडी जोती, हिरवळ आणि हजारी कारंज्याचा कमळाकार हौद समोर येतो. शाळांच्या सहली येतात. मुलं विचारतात ते नारायणरावांच्या खुनाबद्दल, कारण 'काका, मला वाचवा' ही हाक सगळ्यांनी ऐकलेली असते. याच जोत्यांवर कधी चित्रकलेचा वर्ग भरत होता, हे कुणी सांगत नाही. एका तहाने दख्खनचा नकाशा बदलला आणि त्याचं चित्र जगभर गेलं, ते चित्र कुठल्या दालनाचं, याचीही आठवण मुलं सोबत घेऊन जात नाहीत.

हे बदलणं कठीण नाही. टेटमधलं मूळ चित्र परत मिळवण्याचा वाद घालण्याची इथे गरज नाही. ते मॅलेटने पैसे देऊन काढवून घेतलेलं होतं, लुटून नेलेलं नव्हतं. गंगारामची चित्रं येलने २०११ पासून कुणालाही विनामूल्य वापरता येतील अशी खुली ठेवली आहेत. उत्तम दर्जाच्या प्रती काढायला एक छोटं सभागृह आणि थोडी इच्छा पुरेशी आहे. वाड्याच्या आवारात किंवा जवळच्या एखाद्या पालिकेच्या वास्तूत दरबाराचं छापील चित्र, वेल्सची पेशवे-नानांची जोडी, गंगारामचा गेंडा, त्याची पर्वती आणि त्याची लेणी एकत्र लावावीत. शेजारी दर्यादौलतच्या भिंतीचं छायाचित्र असावं, शृंगेरीचा उल्लेख असावा, १८०५ ही तारीख ठळक असावी. चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना तिथे रेखाटन करू द्यावं. शाळेच्या शिक्षकांना दहा प्रश्नांचा कागद द्यावा, म्हणजे मुलं चित्रासमोर उभी राहून स्वतः शोध घेतील.

असं दालन झालं तर त्यातून पेशवाईचा निव्वळ गौरव होणार नाही आणि इंग्रजांचा निषेधही होणार नाही. सत्ता स्वतःला कशी मांडते, कुणाला मध्यभागी बसवते, कुणाला कडेला ठेवते आणि कुणाला पुसून टाकते, हे पाहण्याची सवय लागेल. ही सवय आज सगळ्यांत जास्त गरजेची आहे. निवडणुकीचे फलक, युद्धाच्या बातम्यांची दृश्यं, चौकाचौकांतले पुतळे आणि मोबाइलवर क्षणाक्षणाला येणारी चित्रं यांच्यामध्ये आपण राहतो, आणि त्यांतलं प्रत्येक चित्र कुणीतरी काही हेतूने काढवून घेतलेलं असतं.

गंगाराम तांबटाने आपल्या काळातल्या दोन सत्तांच्या मधोमध बसून समोरची गोष्ट जशी आहे तशी मापून काढण्याचं काम केलं. त्याच्या नावाचा एक फलकही पुण्यात नाही अशी स्थिती राहू नये. पुण्याने त्याचं नाव लावावं, त्याची चित्रं दाखवावीत आणि आपल्या मुलांना चित्राला प्रश्न विचारायला शिकवावं. पेशव्यांचा वाडा आपण पुन्हा बांधू शकत नाही. त्या वाड्यात शिकलेली नजर मात्र पुन्हा घडवू शकतो, आणि ती घडवणं ही आपल्या पिढीची जबाबदारी आहे.